राजाच्या दाढीतली हळद

जप्त केलेला मुद्देमाल मी स्वतःच्या हाताने पॉलिश लावून घासला आणि त्यामुळे आरोपी निर्दोष सुटला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याकडून कुणी पराक्रमाची वाट बघणार नाही. नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता पुसट झाल्या, काही मी मुद्दाम पुसल्या. ही मात्र जात नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी शिरूरला फौजदार होतो. बंदोबस्त, समन्स, अपघाताचे पंचनामे, पुन्हा बंदोबस्त. झोप कधी पुरी व्हायची नाही. तक्रार घेऊन माणूस दारात दिसला की तो कंटाळून आपणहून परत जातोय का, हे आधी बघायची सवय लागली होती. ठाण्यात ती बहुतेकांना लागते. मला जरा लवकर लागली.

एका सकाळी न्हावऱ्याच्या एक आजी आल्या. घराणं पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारं, सासूच्या काळापासून जमीन धरून बसलेलं. पदराच्या गाठीतून त्यांनी चांदीचा एक रुपया काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. ब्रिटिश अमदानीतला, दाढीवाल्या पंचम जॉर्जचा.

"ह्यो माझा न्हाई," त्या म्हणाल्या.

"मग तुमच्याकडं कसा आला?"

"त्येच सांगाया आले. माझा घिऊन त्यानं ह्यो ठिवला."

हकीकत अशी. जुनी नाणी विकत घेणारा एक माणूस मोटारसायकलवर गावात आला होता. आजींच्या देवात असे पाच रुपये होते. विकायचे नाहीत असं सांगून त्यांनी ते नुसते बघायला दिले. त्याने डोळ्याला भिंग लावून पाचही न्याहाळले, चहा घेतला, पाचही परत केले आणि गेला. पुढच्या रविवारी देव धुताना आजींच्या लक्षात आलं की त्यातला एक आपला नाही.

"आजी, राजा तोच, चांदी तीच. बदलला कशावरून?"

"माझ्या राजाच्या अंगावर डुक्कर हाय. ह्याच्या अंगावर हत्ती हाय."

आमचे जुने हवालदार ठाणे अंमलदाराच्या टेबलावर स्टेशन डायरी लिहीत होते. त्यांनी डायरी तोंडासमोर धरली. मी मात्र गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "सरकारी दवाखान्यात डोळ्यांचं शिबिर असतंय. एकदा तपासून घ्या."

"माझं डोळं धड हाईत. तुम्ही तुमचं बघा. आन् माझ्या राजाच्या कानात, दाढीत हळद बसल्याली हाय. सासूनं कवा चिंच लावू दिली न्हाई त्याला. ह्यो बघा कसा कोरडा हाय."

चंपाषष्ठीला त्यांच्या घरी खंडोबाची तळी उचलतात. ताटात भंडारा, खोबरं आणि त्यावर हे पाच रुपये. पाच जणांनी ताट धरून देवाच्या नावाने वर उचलायचं. फिरस्ती सोडून घर बांधलं त्या वर्षी सासूने ते पाच रुपये देवात ठेवले होते, आणि तेव्हापासूनचा भंडारा त्यांच्या खाचाखाचांत बसला होता.

"परका रुपया तळीत घालून देवाला काय सांगू?" आजी म्हणाल्या. "माझा आणून द्या. तवर तळी उचलायची न्हाई."

मी अर्ज घेतला आणि फाइलीत लावला. फाइलीत लावणे म्हणजे काय, हे पोलिसांना ठाऊक असतं आणि लोकांनाही ठाऊक असतं.

आठवड्याने त्या एसटीने पुन्हा आल्या. मग पुन्हा. माझ्या खुर्चीसमोरच्या बाकावर बसायच्या, दुपारी भाकरी सोडायच्या, आणि काही न बोलता माझ्याकडे बघायच्या. मारामाऱ्या करणारे लोक मला इतके जड गेले नाहीत.

तेवढ्यात दौंडला एक आरोपी ताब्यात घ्यायला जायचं होतं. तिथे रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब जुनी नाणी जमवतात असं कळलं होतं. आजींचा तो परका रुपया खिशात टाकून त्यांच्याकडे गेलो. हेतू शोध लावण्याचा नव्हता. आजींचं म्हणणं खोटं आहे असं एका जाणकाराकडून वदवून घ्यायचं आणि अर्ज निकाली काढायचा, इतकाच होता.

गार्डसाहेबांनी रुपया कडेला धरला, भिंगाखाली घेतला आणि विचारलं, "ह्यात हत्ती आहे म्हणून तक्रार आहे ना?"

मी खुर्ची पुढे ओढली.

त्यांनी आपल्या संग्रहातला १९११चा रुपया काढून शेजारी ठेवला. "राजाच्या झग्यावर, छातीपाशी बघा. १९११ साली ह्या हत्तीची सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली. मग सरकारने ते नाणं थांबवलं आणि पुढच्या साली सोंड नीट काढली. आम्ही ह्याला डुकराचा रुपया म्हणतो. शौकीन लोक ह्याच्यासाठी चांदीच्या भावाच्या कितीतरी पट मोजतात."

मी भिंगातून पाहिलं. चक्क डुक्कर होतं.

मग त्यांनी मला तासभर शाळेत बसवलं. राणीच्या १८६२च्या रुपयावर साल एकच, पण ठिपके वेगवेगळे, ते मोजायचे. १९३९चा रुपया मिळणं कठीण, म्हणून लबाड लोक आठाचा नऊ करून विकतात; तिथे आकड्याचं पोट बघायचं. देवातला किंवा गळ्यातला रुपया घ्यायचा तर कडी डागलेली नाही ना ते आधी बघायचं. "खेडोपाडी हिंडणारे वजनावर घेतात आणि आम्हाला सालावर विकतात," ते म्हणाले. "आणि फौजदारसाहेब, त्या बाईंचे डोळे ह्या धंद्यातल्या निम्म्या लोकांपेक्षा चांगले आहेत."

त्यांनी माणूसही सांगितला. खुटबावकडून हिंडत येणारा एक दलाल महिन्यातून एकदा स्टेशनजवळच्या लॉजवर उतरायचा आणि चांगलं काही मिळालं असेल तर गार्डसाहेबांना दाखवायला यायचा. "आला की फोन करतो," ते म्हणाले.

परत येऊन मी फसवणुकीचा गुन्हा दाखल केला. हवालदारांनी आजींची फिर्याद शब्द न् शब्द उतरवून घेतली. डुक्कर, कानातली हळद, दाढीतली हळद, सगळं. त्या प्रकरणात धड झालेलं काम तेवढंच.

दहाबारा दिवसांनी फोन आला. दौंड ठाण्याला कळवून, दोन पंच घेऊन आम्ही दुपारी लॉजवर गेलो. बाकीच्यांना खाली ठेवून मी एकटा साध्या कपड्यांत वर गेलो. पुण्याचा शौकीन व्यापारी व्हायचं ठरलं होतं. दार उघडणारा माणूस किरकोळ, चष्मा लावलेला, एखाद्या शाळेत क्लार्क म्हणून शोभला असता. मी म्हटलं, "डुकराचा रुपया आहे का? भाव चांगला देऊ."

त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. खाली पाहिलं. "या साहेब," तो म्हणाला. "एवढे तांबडे चकाकणारे बूट व्यापारी घालत नाहीत."

कपडे बदलले होते. बूट ड्युटीचेच राहिले होते.

पळाला मात्र नाही. पिशवीतल्या कागदी पुडीत रुपया सापडला. काळपट, आणि राजाच्या कानात, दाढीत पिवळी हळद जशीच्या तशी. चहा गार होत होता म्हणून मी पंचनामा आटोपता घेतला. वर्णन लिहवलं, 'चांदीचा जुना रुपया, नग एक'. हवालदारांनी लाखेची कांडी काढली. मी म्हटलं, "सील नको इतक्यात. पुढच्या आठवड्यात वार्षिक तपासणी आहे, मोठ्या साहेबांना दाखवू."

"साहेब, पंचांसमोर सील झालेलं बरं असतं."

"मला शिकवता का आता?"

"न्हाई साहेब," ते म्हणाले आणि कांडी ठेवून दिली.

चौकशीला तो शिरूरच्या ठाण्यात माझ्यासमोर बसला. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि दमलेल्या माणसासारखं म्हणाला, "साहेब, बदलला मी. बाईंनी विकला असता तर पैसे दिले असते. चांगला नग दिसला की हात राहत नाही. पण हे तुमच्यापुरतं. कोर्टात मी हे म्हणणार नाही, आणि पोलिसासमोरचा कबुलीजबाब तिथे चालत नाही हे तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं.

"एकच विनंती आहे," तो उठताना म्हणाला. "तो रुपया कुणाला घासू देऊ नका."

आरोपीने पोलिसाला सूचना द्यावी, याचा मला राग आला. त्याला कोठडीत पाठवलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात काय चालतं, ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. भिंतींना चुना, फाइलींना नव्या नाड्या, आणि जे जे धातूचं आहे ते चमकलं पाहिजे. बिल्ले, पट्ट्याची बक्कल, दारावरची पितळी पाटी, घंटा. आम्हाला भरतीच्या दिवसापासून शिकवलेलं असतं की चमकत नाही ते घाण असतं. मी माझी बक्कल घासली. फडक्यावर पॉलिश उरलं होतं. ड्रॉवरमध्ये तो काळा रुपया पडलेला होता. साहेबांसमोर असला मळका मुद्देमाल ठेवायचा? दोन मिनिटांचं काम. कानातली घाण निघेना तेव्हा मी काडीला फडकं गुंडाळलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी रुपया हातात घेतला, "छान" म्हणाले आणि जेवायला गेले.

खटला उभा राहायला पावणेतीन वर्षं गेली. तेवढ्या काळात न्हावऱ्यात त्या घरी तळी उचलली गेली नाही. शेवटी आजी साक्षीला उभ्या राहिल्या. आरोपीच्या वकिलांनी फार आदराने विचारलं, "आजी, तुमच्या रुपयाची खूण काय?"

"राजाच्या कानात आन् दाढीत हळद."

वकिलांनी रुपया त्यांच्या हातात दिला. "दाखवा बरं."

तो आरशासारखा चमकत होता. आजींनी तो दोन वेळा उलटापालटा केला, मग मान वर करून कोर्टात सगळीकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत होतो. पंचनाम्यात हळदीचा शब्द नव्हता, पंचांना काही आठवत नव्हतं, सील नव्हतं. आणि डुक्कर त्या सालच्या प्रत्येकच रुपयावर आहे, हे वकिलांनी गार्डसाहेबांकडूनच वदवून घेतलं. संशयाचा फायदा देऊन आरोपीला सोडलं. मुद्देमाल ज्याच्याकडून जप्त केला त्याला परत द्यावा, असाही हुकूम झाला.

अपिलाची मुदत संपल्यावर तो ठाण्यात आला. सही केली, रुपया घेतला, भिंग लावलं. मग भिंग खाली ठेवलं.

"कोणी केलं हे?"

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची निवृत्ती महिन्यावर आली होती, आता त्यांना भीती राहिली नव्हती.

"काळेपणा गेला, बारकावे गेले, वर चरे पडले," तो म्हणाला. घरचं माणूस गेल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं. "मी सांगितलं होतं साहेब. आता ह्याला कोणी शौकीन हात लावणार नाही. हा चांदीच्या भावाचा."

"मग चांदीच्या भावाने मला द्या," मी म्हटलं.

त्याने हातावर तोलून भाव सांगितला. मी बाजारपेठेतल्या सराफाकडे नंतर खात्री केली. बरोबर सांगितला होता.

म्हणजे मी घासला म्हणून तो सुटला, आणि मी घासला म्हणूनच रुपया परत मिळाला. याचा मेळ मला अजून घालता आलेला नाही. शिकलो काय म्हणाल, तर ज्याची वस्तू असते त्याने ती आपल्यापेक्षा जास्त वेळा पाहिलेली असते. तो डुक्कर म्हणाला तर डुक्करच लिहून घ्यावं. आणि हातात आलेली वस्तू सुधारायला जाऊ नये. पुढच्या नोकरीत मी मुद्देमालाला पुन्हा बोट लावलं नाही. पण एवढ्याशा शिकवणीसाठी एका म्हातारीची तीन वर्षं गेली.

मी आणि हवालदार मोटारसायकलवरून न्हावऱ्याला गेलो. आजी ओट्यावर कांदा निवडत होत्या. मी रुपया त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, राजाच्या छातीवरचं डुक्कर बघितलं आणि म्हणाल्या, "माझाच हाय."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्या अजून बघतच होत्या. अंगठ्याचं नख राजाच्या कानातून, मग दाढीतून फिरवलं. सुनेला हाक मारून त्यांनी भंडाऱ्याची वाटी मागवली आणि चिमूटभर हळद त्या दाढीत दाबून बसवायला लागल्या. हळद बसेना. घासलेल्या चांदीवरून ती घसरून ओट्यावर पडत होती.

"बसंल हळूहळू," मी म्हटलं.

"बसंल की. सासूची बसाया तिचा सारा जल्म गेला," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघताच पुढे म्हणाल्या, "चोरानं निदान व्हता तसा तरी ठिवला व्हता, फौजदार."