निळ्या हातांवर फासलेला रंग

माझ्या थोरल्या बहिणीच्या नाकावर राग आहे, असं सगळे म्हणतात. चूक आहे. नाकावर असता तर कधीतरी शिंकेबरोबर उडून गेला असता. तो तिच्या हाडात आहे, आणि या वयात मला तो बरोबरही वाटायला लागलाय.

ताई चित्रकलेचे शिक्षक तयार करणाऱ्या विद्यालयात शिकवते. रंग, कागद, खडू, माती ही साधनं आणि त्यांतून माणूस काय काय बोलू शकतो, हा तिचा विषय. सुरुवातीला ती कुणाला कुंचला हातात घेऊ देत नाही. विटेची पूड, कोळसा, डिंकाचं पाणी समोर ठेवते आणि म्हणते, "रागावलेला कागद करून दाखवा." इस्त्रीच्या कपड्यांतली ती पोरं हात काळे करून तोंडं वाकडी करतात. त्यांनी तिचं नाव 'चिखलबाई' ठेवलंय. ताईला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही, पण तसं ती मेली तरी कबूल करणार नाही.

माझा नवरा गेल्यावर मी तिच्याकडे राहायला आले. तेव्हापासून भांडी घासायच्या बेसिनमध्ये तिचे कुंचले भिजत पडलेले असतात आणि माझ्या चहाच्या गाळण्यातून ती कोळसा चाळते. यावरून आमची रोज जुंपते.

यंदा मात्र तिचं खरंच काही पणाला लागलं होतं. प्राचार्यांनी तिला बोलावून सांगितलं होतं, "बाई, तपासणीच्या दिवशी पाहुण्यांसमोर तुमचा आवाज चढला, तर साधनांचा वर्ग काढून घेईन. मग निवृत्त होईपर्यंत परीक्षेला पहारा देत बसा." तो वर्ग गेला तर ताईकडे उरणार काय? मीच तिच्या मागे लागले आणि तपासणीच्या दिवशी भरलेल्या प्रदर्शनाला सोबत गेले, तिच्या तोंडाला कुलूप लावायला. दारातच तिने मला शब्द दिला, "आज मी मुकी."

प्रदर्शन एका लांबलचक खोलीत होतं. भावी शिक्षकांनी जवळच्या शाळेत सरावाचे धडे घेतले होते, तिथल्या मुलांची चित्रं भिंतीवर लावली होती. विषय होता, माझ्या घरातलं माणूस. भिंतीकडे बघताच ताई जागच्या जागी थांबली. सगळी नाकं सरळ, सगळ्या कडा काळ्याभोर, कुणाचाही रंग रेषेबाहेर गेलेला नाही. त्या विद्यालयाची ही जुनी रीत. पाहुणे यायच्या आधी भावी शिक्षक मुलांच्या चित्रांवर 'शेवटचा हात' फिरवतात. ताईने वर्षानुवर्षं भांडून ती बंद पाडली होती. आदल्या दिवशी तिला मुद्दाम दुसऱ्या कामाला धाडून प्राचार्यांनी ती पुन्हा सुरू केली, आणि नाव काय दिलं तर म्हणे सुधारणा. मुलांना आधी बोला म्हणायचं आणि मग त्यांच्या तोंडात आपलं वाक्य कोंबायचं, ही यांची सुधारणा. लिहितानाही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ताई दातओठ खात उभी होती. मी तिचा दंड घट्ट धरून ठेवला होता. शब्द पाळत होती बिचारी.

तेवढ्यात एक मुलगी आईला ओढत घेऊन आली आणि एका चित्रासमोर थबकली. "हे माझं नाही," ती म्हणाली.

"अगं, खाली तुझं नाव आहे की."

"नाव माझंय. पण ही माझी आई नाही. मी हात निळे केले होते."

तिची आई कापड रंगवायच्या कारखान्यात होती. कोपरापर्यंत निळे हात, कुठल्या साबणाला न बधणारे. चित्रातल्या बाईचे हात मात्र गुलाबी आणि नाजूक. आईने चित्र बघितलं, स्वतःचे हात पाठीमागे नेले आणि लेकीला म्हणाली, "किती छान केलेत बघ. असेच असायला हवे होते."

मी ताईचा दंड सोडला. सुटला नाही, सोडला.

"कुणी केलं हे?" ताईचा आवाज खोलीभर गेला.

एक मुलगी पुढे आली. ताईची सगळ्यांत लाडकी विद्यार्थिनी, घरी आम्ही तिला 'टापटीप' म्हणतो. "मी, मॅडम. हातांचा रंग असा नसतो ना. मला वाटलं, चुकून लागला."

"विचारलंस तिला?"

"नाही."

"तिने तिची आई काढली. तू त्या आईचे हात कापलेस आणि भलत्याच कुणाचे तरी चिकटवलेस. एवढे दिवस माझ्याकडे काय शिकलीस गं, कुंचले धुवायला?"

प्राचार्य लगबगीने आले. "बाई, पाहुणे आहेत."

"आहेत ते बरंच आहे. त्यांनाही दिसू दे."

तिने स्पंज पाण्यात बुडवून टापटिपीच्या हातात दिला. त्या लहानगीने मेणाचे खडू जोर लावून घासले होते, वरून जाड थापलेला गुलाबी मात्र पाण्याचा होता, आणि मेणावर पाण्याचा रंग टिकत नाही. "पूस," ताई म्हणाली. पोरीने एकदा प्राचार्यांकडे पाहिलं, एकदा ताईकडे. मग ती पुसायला लागली. गुलाबी ओघळ भिंतीवरून खाली गेले आणि आतून मोठाले, जाडजूड निळे हात दिसायला लागले.

तपासणीचे साहेब वाकून बघू लागले. "या बाईच्या हातांना काय झालंय?"

मग आईनेच हात पुढे आणले. "माझे आहेत," ती म्हणाली. "कामाचा रंग आहे, जात नाही."

"बाई, माझंही पुसा ना." शेजारच्या चित्राजवळून दुसरी एक मुलगी म्हणाली. तिच्या मागे आणखी दोघंतिघं येऊन उभी राहिली. ताईने स्पंज घेतला, चित्राशी गेली आणि थांबली. ते चित्र पाण्याच्या रंगातलं होतं. पुढचंही, त्याच्या पुढचंही. पुसलं असतं तर वरचं गेलं असतं आणि त्याच्याबरोबर खालचंही.

प्राचार्य मागून सांगत होते की सोमवारपासून साधनांचा वर्ग तिच्याकडे नाही. ताईने मान वळवली नाही. ती त्या मुलीसमोर गुडघ्यांवर बसली होती आणि हे आता पुसता येणार नाही, हे तिला समजावून सांगत होती.