मामांचा उशिरा येणारा ‘वा!’

परवा मामांच्या सहस्रचंद्रदर्शनात मामी गाणार होती आणि साथीला ऑक्टापॅड या काठ्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक तालयंत्रावर मी! कीबोर्डवाल्या शिरीषने लय ठरवली, एका वायरने दोन्ही यंत्रं जोडली आणि म्हणाला, “काका, आता ढोलकचा ठेका आपोआप चालेल, ताल इकडचा तिकडे होणार नाही.” मी राजासारखा काठ्या परजून बसलो.

मामी पहिली ओळ गाते आणि थांबते. मामांनी “वा!” म्हटल्याशिवाय पुढे जात नाही, ही तिची लग्नापासूनची रीत. पूर्वी तबल्यावर मी ठेका धरून वाट बघायचो. आता मामांना उशिरा ऐकू येतं, आणि यंत्र तर थेट अंतऱ्यात शिरलं. मी दोन्ही काठ्या वर उचलल्या, तरी ढोलक वाजतंच आहे!

“अरे, थांबव की त्याला!” मामी माइकवरूनच ओरडली.

“मामी, ते माझं ऐकत नाही गं!”

हॉल हसला, मला घाम फुटला. यंत्राला यंत्र जोडता येतं. मामांच्या कानांना जोडायची वायर कुठून आणू?

शेवटी शिरीषने सगळंच बंद केलं. त्या शांततेत मामांचा “वा!” आला, आणि काही झालंच नाही अशा थाटात मामीने दुसरी ओळ उचलली.

माझ्या काठ्या अजून हवेतच होत्या.