पंधरा दिवसांचा दादा

माझ्या बायकोला गल्लीत सगळे अंडेवाली म्हणतात. तिच्या प्रयोगशाळेत रोज अंड्यांचे ट्रे उतरतात, हे कुणीतरी पाहिलं आणि तेवढ्यावर बारसं उरकून टाकलं. मीही कधी खोडून काढलं नाही. अंड्याच्या कवचाला नखाएवढी खिडकी पाडून आतलं हृदय बघत बसायचं, यावर कुणाचं पोट भरतं, हे समजावण्यात माझा जन्म गेला असता.

एकदा तिनं मला ते दाखवलं. पिवळ्या बलकावर लाल ठिपका, टाचणीच्या डोक्याएवढा, आणि तो चक्क उडत होता. "आधी सरळ नळी असते," ती म्हणाली. "मग ती वळते, मग आत भिंती धरतात. इथंच कुठंतरी चुकतं." कुणाचं चुकलं होतं, ते विचारायची गरज नव्हती.

तिचा भाऊ जन्मला तोच निळा पडलेला. पंधरा दिवस जगला. ही त्याच्यानंतर चार वर्षांनी झाली, त्याचं तोंडही पाहिलं नाही. तरी साठीला टेकलेली ही बाई त्याला दादा म्हणते. पंधरा दिवसांच्या बाळाला दादा! लग्नानंतर मी हसलो होतो. मग सासुरवाडीला स्वयंपाकघरात सासूबाई एकट्याच कुणाशी तरी हळू बोलताना ऐकल्या. मी आत गेलो की गप्प व्हायच्या. त्यानंतर मला हसू आलं नाही.

त्याच्या वेळी सातव्या महिन्यात सासूबाई जिन्यावरून घसरल्या होत्या. "हिनंच घालवलं पोराला," असा त्यांच्या सासूनं निकाल देऊन टाकला, आणि त्यांनी तो जन्मभर मानला. लेकीनं उभं आयुष्य खर्ची घातलं ते तो निकाल फिरवण्यासाठी. बाकी बक्षिसं, परिषदा वगैरे सगळं वरवरचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा एकदाचा तिनं विषय काढला. मी समोरच भाजी निवडत होतो.

"आई, हृदय दुसऱ्या महिन्यातच घडून होतं. सातव्या महिन्यात पडल्यानं ते असं बिघडत नाही. तुझा काही दोष नव्हता."

सासूबाई हमसून हमसून रडल्या. मग हलक्या झाल्या आणि बोलत सुटल्या. "दुसऱ्या महिन्यात तर मला पत्ताही नव्हता गं. फिटच्या गोळ्या चालू होत्या. सासरी कळू नये म्हणून लपून घ्यायचे. पुढं फिट थांबल्या, गोळ्याही सुटल्या. तुझ्या वेळी नव्हत्या." त्यांनी गोळीचं नावही सांगितलं. "त्यानं काही होत नाही ना?"

तेच औषध बायकोनं अंड्यांत घालून पाहिलं होतं. त्यातली वेडीवाकडी हृदयं मी फोटोत पाहिली होती. दशांश चिन्हावरून लोकांशी वर्षभर भांडणारी ही बाई म्हणाली, "छे गं. काही नाही होत."

सासूबाई गाढ झोपू लागल्या. झोप उडाली ती हिची. आता स्वयंपाकघरातून हिचा हळू आवाज यायचा. "दादा, काय करू?" मला खरंच भीती वाटायची.

एका दुपारी वरच्या मजल्यावरची सून सासूबाईंपाशी येऊन बसली. तिलाही फिट येतात, मूल होऊ द्यावं की नाही या काळजीनं अर्धी झालेली. सासूबाई तिची पाठ थोपटत होत्या. "गोळी तीच ना? मीही तीच घ्यायचे. खुशाल होऊ दे. माझी लेक यातलीच शास्त्रज्ञ आहे, ती म्हणते काही होत नाही."

बायको दारात उभी होती. तिनं गप्प बसावं, असं मला वाटलं. मी तरी खोटं कशाला बोलू?

"होतं," ती म्हणाली. "तू आपल्या मनानं गोळी बंद करू नकोस. पण आधी डॉक्टरांना विचारून बदलून घे. आजच चल, मी येते."

सासूबाई लेकीकडे बघतच राहिल्या. "मग मला तेव्हा..."

"खोटं बोलले, आई."

मग सासूबाई भिंतीला धरून उठल्या. "थांबा. मीही येते. डॉक्टरांना माझंही सांगते. आजवर कुणाला सांगितलं नाही."

दाराशी चपलेत त्यांचा पाय काही केल्या जाईना. लेकीनं खाली बसून ती घालून दिली, आणि त्यांच्या पायाशी तशीच बसून राहिली.

"ऊठ," सासूबाई म्हणाल्या. "पोरगी खोळंबलीय."