नवव्या पानावरचा नियम

घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्या हातात येतो, वीजबिलापासून आईच्या रक्ताच्या रिपोर्टापर्यंत. चंद्रपूरला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच. मी कागद वाचते, दोन वाक्यांत अर्थ सांगते आणि पुढे कोणी काही विचारत नाही. फार बोलावं लागत नाही, म्हणून मलाही ते बरं वाटायचं.

दादाचा करार मी असाच वाचला. दादाचं कोरपन्याला गॅरेज आहे आणि तो मातीच्या ट्रॅकवर बाइकच्या शर्यती खेळतो. त्या वर्षी नागपूरच्या एका शोरूमवाल्याने त्याला आपल्या टीममध्ये घेतलं. सहा शर्यतींची स्पर्धा, आणि गुणतक्त्यातल्या पहिल्या तिघांना बाइक कंपनीकडून तिच्या टीमसाठी चाचणीचं बोलावणं. दादाला तेच हवं होतं. कराराला चौदा पानं होती. मी पहिलं वाचलं, शेवटचं वाचलं आणि म्हटलं, "ठीक आहे, सही कर."

चार शर्यतींनंतर दादा दुसरा होता. गॅरेजच्या भिंतीवर, पान्यांच्या फळीशेजारी, त्याने खडूने हातभर उंचीचा '२' काढला होता.

मग शोरूम बुडालं. एका सकाळी टेम्पो आला आणि टीमची बाइक घेऊन गेला. दादाने कोपऱ्यातल्या आपल्या जुन्या बाइकवरचं कापड ओढलं. "टीम बुडाली तं बुडाली," तो म्हणाला. "गुण तं मीच कमावले न." तीन आठवडे खपून त्याने स्वतःची जुनी बाइक तयार केली, पाचवी शर्यत खेळला आणि तिसरा आला.

दोन दिवसांनी दुपारी नवा तक्ता लागला. दादाचे हात ऑइलने भरलेले, म्हणून मोबाइल माझ्या हातात. पहिल्या पाचांत त्याचं नाव नव्हतं. पहिल्या दहांतही नाही.

"काऊन व, नेट गेलं का?" दादाने विचारलं.

"खालून पाह्यते का काय बाई?" दादाबरोबर काम करणारे म्हातारे चाचा हसले. "अपना बंदा ऊपर मिलेगा."

नाव सोळाव्या जागी होतं. समोर फक्त पाचव्या शर्यतीचे गुण. मी पान पुन्हा उघडलं. तरी सोळाच. चाचांनी चष्मा पुसून स्वतः पाहिलं.

दादाने आयोजकांना फोन लावला. पलीकडच्या माणसाने एवढंच सांगितलं, "करारात स्पर्धेचे नियम जोडलेत, नववं पान बघा." मी धावत घरी जाऊन करार आणला.

टीमने स्पर्धा सोडली तर तिच्या नावावर मिळालेले सगळे गुण रद्द. पण त्याखालीच दुसरी ओळ होती. रायडरने पुढच्या शर्यतीआधी आपण स्वतंत्र खेळणार असल्याचं पत्र दिलं, तर त्याचे गुण कायम राहतील. एक पत्र. टेम्पो गेला त्या दिवसापासून आम्हाला तीन आठवडे मिळाले होते. मी ती ओळ परत परत वाचत राहिले.

मी दोन्ही ओळी मराठीत सांगितल्या. एक शर्यत उरली होती. ती जिंकूनही तो पहिल्या तिघांत येणार नव्हता.

"हे तू वाचलं होतं न व?" दादा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना.

काहीही सांगता आलं असतं. इंग्रजी किचकट होतं म्हटलं असतं, तरी पडताळून बघणारं घरात कोणी नव्हतं.

"नाई," मी म्हणाले. "पह्यलं पान अन् शेवटचं. बाकी वाचलंच नाई."

चाचांनी दुरुस्तीला आलेल्या एका बाइकचं इंजिन चालू केलं. दादा भिंतीकडे गेला. मला वाटलं, तो '२' पुसून टाकेल. त्याने खडू उचलला, '२' तसाच ठेवला आणि त्याच्याखाली बारीक आकड्यांत '१६' लिहिलं. मग माझ्यासमोर स्टूल ओढून बसला.

"आता सारं वाच," तो म्हणाला. "पह्यल्या पानापासून. मोठ्यानं."

चाचांनी इंजिन बंद केलं. मी पहिलं पान काढलं.