हिरवी तार आणि चावणारा नळ

वायरिंगच्या कामात वीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, हाताला चिकटूनच घरी येतात. ऐकणारे हसतात. मला मात्र सांगतानाही हसू येत नाही.

ताडकळसला एका सरांचं नवं घर. विचारलं, "सर, अर्थिंग केलंय का?"

"केलंय की. ही काय हिरवी तार."

तार बोर्डातून भिंतीमागं गेली होती. जरा ओढली, तर सगळीच हातात आली. दुसरं टोक कशालाच बांधलेलं नव्हतं.

सर म्हणाले, "पण रंग तर बराबर हाय ना?"

पिंगळीच्या एका दुकानदाराचा लोखंडी कूलर खिडकीच्या गजांजवळ होता. म्हणलं, "शेठ, याचं बाँडिंग करावं लागंल."

शेठ गंभीर झाले. "बाँड कुणाच्या नावानं करायचा?"

मग समजावलं. कूलर आन् गज एका तारेनं जोडायचे, ती तार अर्थिंगला न्यायची. म्हणजे एक हात इथं, एक तिथं लागला तरी अंगातून करंट जायचा नाही.

शेठनी आत बायकोला हाक मारली, "अगं, कूलरला हात लावू नको."

"पाणी भरायलेय की त्यात."

आम्ही दोघंही पळालो. बाई ठणठणीत होत्या. मी आधी कूलरची पिन काढली.

माझे जोडीदार वहीदभाई, जुने वायरमन. एका पिठाच्या गिरणीत आम्ही गेलो, तर कुणीतरी अर्थिंगऐवजी न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तारच मशीनच्या अंगाला जोडलेली.

गिरणीवाला म्हणाला, "दोन्ही शेवटी जमिनीतच जातात ना?"

"न्यूट्रल मधीच तुटला तर करंट मशीनच्या अंगावर येतो."

"मंग आजवर कसं चाललं?"

"तुटला न्हाई म्हणून." वहीदभाईंनी मेन स्विच बंद केला आणि रांगेतल्या बायकांना डब्यांसकट बाहेर पाठवलं.

गेल्या थंडीत एकदा सकाळचं काम रद्द झालं म्हणून मी घरीच होतो. माझी बायको सुनंदा न्हाणीत कोरडा टॉवेल गुंडाळून नळ सोडायली होती.

"हे काय?"

"गिझर लावला की नळ चावतो. चार दिवस झाले."

नळाला टेस्टर लावला. पेटला. गिझरमधून करंट पाण्यात उतरत होता आणि त्याच्या पिनमध्ये अर्थिंगची तार तुटलेली होती.

"मला सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं की. तुमी म्हणलात, थंडीनं मुंग्या येतात."

म्हणलो होतो. मोबाइल बघत.

"आन् पोरगी?"

"तिला नळाला हात लावू देत न्हाई. मीच सोडते."