फरशीवाल्याची खुर्ची

चाळीस वर्षं फरशी बसवलेल्या माणसाला खुर्चीत बसवणं म्हणजे बैलाला पलंगावर झोपवणं. फरशीवाले आबा जेवायचे जमिनीवर, पेपर वाचायचे जमिनीवर, आणि दिवसातून एकदा तरी आडवे होऊन, गाल टेकवून, एक डोळा मिटून स्वतःच बसवलेली घरातली फरशी बघायचे. सांधा कुठं उचललाय का, ते त्यांना तसंच दिसायचं.

बायको गेल्यापासून आबा एकटे. म्हणून लेकीनं भिंतीवर एक कॅमेऱ्याची बोलकी डबी लावली. माणूस जमिनीवर आडवा दिसला की डबीतली बाई विचारायची, "आपण ठीक आहात का?" ठीक आहे म्हटलं की गप्प. उत्तर नाही आलं की थेट लेकीला फोन. आबा फरशीत गुंगले की त्यांना कसली बाई ऐकू येतेय! तीनदा लेक दवाखान्यातली ड्यूटी टाकून धापा टाकत आली.

तिसऱ्या खेपेनंतर त्याच संध्याकाळी ती खुर्चीच घेऊन आली. "आबा, हिच्यात बसायचं. आता एकदा जरी उगाच धावायला लावलंत, तर सामान बांधायचं आणि माझ्याकडं यायचं."

"तुझ्या सहाव्या मजल्यावर? तिथल्या फरशीला नुसते खड्डे आहेत."

"खड्ड्यात का असेना, डोळ्यांसमोर तर राहाल."

चार दिवस आबा खुर्चीत अंग चोरून बसले. पाचव्या दिवशी दुपारी डोकं सटकलं. डोक्यावरची टोपी काढून डबीलाच घालावी म्हणून ते खुर्चीवर चढले. खुर्ची सरकली, आबा धाडकन खाली. घोट्यातून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"आपण ठीक आहात का?"

उत्तर तोंडावर तयारच होतं. 'ठीक आहे' म्हणून टाकावं, सरपटत खाटेपर्यंत जावं, घरही सुटायचं नाही. आबांनी पाय हलवून बघितला. पाय ऐकेना.

"नाही गं बाई," ते म्हणाले. "पडलोय. बोलव तिला."

लेक आली. तिनं आडवी खुर्ची बघितली, आबांच्या मुठीतली टोपी बघितली, वर डबी बघितली. घोटा चाचपला आणि तिथंच फतकल मारून बसली.

"मोडलाय. गाडी येतेय."

"सामान बांधू?"

"खोटं बोलला असतात तर मीच बांधलं असतं." तिनं पदरानं नाक पुसलं. "पाय बरा होईस्तोवर मी इथं राहते. जाताना ही खुर्ची घेऊन जाईन."

आबांनी गाल फरशीला टेकवला, एक डोळा मिटला.

"जरा सरक. तू बसलीयस तिथला सांधा उचललाय."