काकूंनी सांगितलेला शेवट

भुताच्या सिनेमांबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि ती बदलायला आता कोणी येऊ नये. हवेलीत ढीगभर नोकर असतात, पण दाराच्या बिजागरीत तेल घालायचं एकालाही सुचत नाही, हे मी चालवून घेते. पांढऱ्या साडीतली बाई गाणं म्हणत जंगलभर फिरते आणि तिचा पदर कधी मळत नाही, हेही चालतं. जादूच्या मालिकेतल्या राजपुत्राला शेवटच्या भागापर्यंत आठवतच नाही की आपल्या अंगठीत शक्ती आहे. त्यालाही माफ केलं. पण भुताची गोष्ट सांगायला बसायचं, आठवडेच्या आठवडे माणसाला गुंतवून ठेवायचं, आणि शेवटी दाखवायचं की भूतबीत काही नव्हतं, जायदादीवर डोळा ठेवून बसलेला कोणी नातेवाईक होता, याला मी सरळ फसवणूक म्हणते.

हे वेड मला सुदामा नगरच्या घरात लागलं. आई गेली तेव्हा मी पाचवीत होते. घरात उरलो मी आणि बाबा. त्याच वर्षी टीव्हीवर बुधवारी संध्याकाळी एक मालिका लागायची. एका हवेलीतली आई मेलेली असते आणि तिची मुलगी एकटी असली की ती येऊन जाते. सरकलेलं पांघरूण नीट झालेलं असतं, हरवलेली रिबीन उशाशी सापडते. बाकीच्या पोरी ते बघून किंचाळायच्या. मला अजिबात भीती वाटली नाही. ती येते कशी आणि कुठल्या दाराने येते, एवढंच मी डोळे फाडून बघत असे.

आमच्या गल्लीत एक पद्धत होती. रस्त्याच्या या बाजूची घरं एका फेजवर आणि समोरची दुसऱ्या फेजवर, त्यामुळे लाइट जायची ती बहुधा एकाच बाजूची. मग ज्यांची गेली ते आपापली स्टुलं उचलून समोर जायचे. समोरच्यांचं दार उघडंच असायचं, कोणी काही विचारायचं नाही. आम्ही समोरच्या काकूंकडे जायचो. त्यांच्या खोलीत अर्धी गल्ली मावायची.

शेवटच्या भागाच्या दिवशी मला कांजिण्या आल्या होत्या. मी अंगावर चादर घेऊन आमच्याच टीव्हीसमोर बसले, मालिकेचं गाणं सुरू झालं आणि आमची लाइट गेली. कांजिण्या घेऊन लोकांच्या घरात जाता येत नव्हतं. मी इतकी रडले की शेवटी बाबांनी माझ्याऐवजी स्टूल उचललं. एक पण सीन सोडायचा नाही, परत येऊन सगळं सांगायचं, असं मी त्यांना बजावलं.

ते परत आले तेव्हा बरोबर काकूही होत्या. त्यांना लहानपणीच कांजिण्या होऊन गेल्या होत्या, त्या बिनधास्त माझ्या पलंगावर बसल्या. बाबा कंदिलाची काच पुसायला लागले. मी विचारलं, त्या मुलीची आई शेवटी गेली का?

"जाते कुठे बेटा, उसी घर में रह गयी ना," काकू म्हणाल्या. "फक्त दिसायची बंद झाली. म्हणून तर ते लोक स्वयंपाकघराची कडी लावत नाहीत. तिला येता-जाता अडायला नको."

त्या दिवसापासून मी आमच्या स्वयंपाकघराची कडी लावली नाही. मांजर आत शिरून दूध पिऊन जायचं. बाबा बारीकसारीक गोष्टींवरून रागवायचे, यावरून कधी रागावले नाहीत.

पुढे मी कॅसेटी आणून भुताचे सिनेमे बघितले, मग केबल आली आणि हवं ते बघायला मिळालं. दर वेळी शेवटी तेच मुखवटे, नाहीतर सगळं स्वप्न होतं म्हणून मोकळे. मी गल्लीतल्या ओट्यावर बसून भाषण ठोकायचे, की सगळ्या टीव्हीत इमानदार मालिका एकच झाली, तिने त्या आईला शेवटपर्यंत खोटं पाडलं नाही. समोरचे लोक माना डोलवायचे. "सही बोल रही है भिया," असं एकमेकांना म्हणायचे.

परवा दुपारी मेथी निवडताना ती मालिका मला मोबाइलवर सापडली. मी शेवटचा भाग लावला. भुताला कोंडीत पकडलं, त्याच्या डोक्यावरचा विग ओढला, आणि आत मुलीची आत्या निघाली. हवेली हवी होती तिला. मग इन्स्पेक्टरने आमच्याकडे तोंड करून अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं. आणि ती मुलगी, जिची आई आत्ता दुसऱ्यांदा मेली होती, ती हसून हात हलवत होती. कडीबिडीचा कुठे पत्ताच नव्हता.

मेथी तशीच टाकून मी सुदामा नगरला गेले. काकू आता नाहीत, भांडायला बाबाच उरले होते. मी त्यांना नाही नाही ते बोलले. त्या खोलीत अर्धी गल्ली बसलेली होती, सगळ्यांनी तो विग निघताना बघितला होता, आणि मी ओट्यावर अक्कल पाजळत असताना सगळे माना डोलवत होते. सगळ्यांनी मिळून मला वेड्यात काढलं, आणि त्यात माझे बाबाही होते. मला अपमान झाल्यासारखं वाटत होतं आणि रडूही येत होतं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की रस्ता ओलांडताना त्यांनीच काकूंना विचारलं होतं, आता पोरीला काय सांगू. काकू म्हणाल्या, तुम्ही गप्प बसा, मी बघते. लहानपणी ठीक होतं, मी म्हटलं, पण मी मोठी झाल्यावर तरी सांगायचं.

राग काही उतरला नाही. चहा ठेवायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेले आणि आता हा खोटेपणा पुरे, म्हणून दार ओढून कडी लावायला गेले. कडी सरकेना. गंजून जागच्या जागी बसली होती. माझं लग्न होऊन जमाना झाला, या घरात इतकी वर्षं बाबा एकटेच राहतात.

"राहू दे ती," बाबा मागून म्हणाले. "कोणाला अडायला नको."

विग निघताना या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. मी दुधावर झाकण ठेवलं आणि दार होतं तसंच राहू दिलं.